जर्मन नेव्ही समजून घ्यायची असेल तर सुरुवात कुठून करायची

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला आलेली आपली बरीच लोकं कील, हॅम्बुर्ग, रोस्टॉक अशी बंदरं बघायला जातात. तिथे राखाडी रंगाची मोठाली जहाजं दिसतात, फोटो काढले जातात आणि घरी येऊन यूट्यूबवर जर्मन नेव्ही शोधलं जातं. समोर काय येतं, तर बिस्मार्क ही युद्धनौका, यू-बोटी म्हणजे जर्मन पाणबुड्या, आणि हिटलर. दोन तास बघून झालं तरी बंदरात उभं असलेलं ते राखाडी जहाज आज तिथे कशासाठी आहे हे काही कळत नाही. मला हा विषय मनापासून आवडतो आणि चुकीच्या टोकापासून सुरुवात केली की तो कसा हातातून निसटतो हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत बघितलंय, म्हणून कुठल्या क्रमाने वाचायचं, काय बघायचं, कुठे जायचं ते नीट लिहून ठेवतोय.

एक गोष्ट पक्की धरा. आजची जर्मन नेव्ही दुसऱ्या महायुद्धातून सरळ चालत आलेली नाहीये. ती १९५६ मध्ये मुद्दाम, ठरवून, एका मर्यादित कामासाठी उभी केली गेली. त्यामुळे कुठलाही काळ वाचताना दोन प्रश्न सोबत ठेवायचे : या नेव्हीला काम कुठलं दिलं होतं, आणि ते देणारं कोण होतं. हे दोन प्रश्न धरून ठेवले तर पावणेदोनशे वर्षं सरळ लागतात, नाहीतर जहाजांच्या नावांच्या जंगलात माणूस हरवतो.

पुस्तक उघडायच्या आधी मॅप उघडा. जर्मनीला दोन समुद्र आहेत, पश्चिमेला नॉर्थ सी आणि पूर्वेला बाल्टिक, आणि दोघांच्या मधोमध डेन्मार्क वर उभा आहे. बाल्टिक म्हणजे एकच दार असलेली खोली, आणि ते दार डेन्मार्कमधल्या आणि डेन्मार्क-स्वीडनच्या मधल्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांमध्ये आहे. आता मॅपवर या जागा शोधून खुणा करा : विल्हेल्म्सहाफेन (नॉर्थ सी वरचा मोठा बेस), कील, कीलच्या थोडं वर एकर्नफ्योर्ड जिथे पाणबुड्या असतात, फ्लेन्सबुर्ग जिथे ऑफिसर घडवले जातात, रोस्टॉक जिथे आज नेव्हीचं मुख्यालय आहे, आणि नॉर्थ सी मधलं छोटंसं हेल्गोलँड बेट. मग कीलपासून एल्बे नदीवरच्या ब्रुन्सब्युटेलपर्यंत एक रेघ ओढा, तो कील कालवा, साधारण ९८ किलोमीटर. १८८७ ला काम सुरू झालं, १८९५ ला उद्घाटन. या कालव्यामुळे डेन्मार्कला वळसा घालायची गरजच उरली नाही आणि जहाजांचे चारशेहून जास्त किलोमीटर वाचले. पुढे जहाजं मोठी झाली तसा १९०७ ते १९१४ मध्ये तो रुंद करावा लागला. अजून एक गोष्ट लक्षात ठेवा, बाल्टिक खूप उथळ आहे, सरासरी खोली ५५ मीटरच्या आसपास. नंतर पाणबुड्या इतक्या लहान का असा प्रश्न पडेल तेव्हा हा आकडा कामाला येईल.

आता इतिहास. तो १८४८ पासून वाचा. त्या वर्षी जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, छोटी मोठी राज्यं होती, आणि डेन्मार्कला लागून असलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रदेशावरून डेन्मार्कशी युद्ध लागलं. डेन्मार्क लहान देश पण त्याच्याकडे नेव्ही होती, त्यांनी जर्मन बंदरांची नाकेबंदी केली आणि हॅम्बुर्ग-ब्रेमनच्या व्यापाऱ्यांची जहाजं जागच्या जागी अडकली. तेव्हा फ्रँकफर्टला निवडून आलेली राष्ट्रीय सभा बसलेली होती, तिने १४ जून १८४८ ला आरमारासाठी ६० लाख थालर (तेव्हाचं जर्मन चलन) मंजूर केले. आजही जर्मन नेव्ही आपला जन्मदिवस हाच मानते, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण कुठल्या लढाईतल्या विजयाची तारीख न घेता लोकप्रतिनिधींनी पैसे मंजूर केल्याची तारीख धरलीय. लोकांनीही वर्गण्या काढल्या. बायकांनी जमवलेल्या पैशातून तर फ्राउएनलोब नावाचं एक जहाज बांधलं गेलं, ते पुढे प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याकडे होतं आणि १८६० मध्ये जपानजवळ वादळात बुडालं.

त्या पहिल्या आरमाराचा प्रमुख होता कार्ल रुडॉल्फ ब्रोमी. ४ जून १८४९ ला हेल्गोलँडजवळ त्याची जहाजं एका डॅनिश जहाजाच्या मागे लागली, पण तेव्हा हेल्गोलँड ब्रिटिशांचं होतं, तिथून इशाऱ्याचा तोफगोळा आला आणि लढाई अर्धवट सोडून परत फिरावं लागलं. इतकंच. १८५२ मध्ये राज्यांचं आपसात पटेना म्हणून हे आरमार मोडीत काढलं आणि जहाजांचा चक्क लिलाव झाला. बऱ्याच पुस्तकांत हा भाग दोन ओळींत उरकतात. तुम्ही तसं करू नका, कारण आजच्या नेव्हीचा काळा-लाल-सोनेरी झेंडा इथूनच येतो.

झेंडा आला तर एक उपयोगी युक्ती सांगतो. म्युझियममध्ये जुने फोटो आणि चित्रं बघताना खालची पाटी वाचायच्या आधी झेंडा बघा. काळा-लाल-सोनेरी आणि जुन्या धाटणीचं शिडाचं किंवा वाफेचं जहाज, म्हणजे १८४८ चं आरमार. पांढऱ्यावर काळा गरुड, म्हणजे प्रशिया. पांढऱ्यावर मोठा काळा क्रॉस आणि कोपऱ्यात काळा-पांढरा-लाल, म्हणजे कैसरचं (जर्मन सम्राटाचं) साम्राज्य. स्वस्तिक असलेला तर कुणालाही ओळखू येतो. आणि काळा-लाल-सोनेरी, मध्ये गरुड, शेपटीकडे त्रिकोणी खाच, म्हणजे १९५६ नंतरची नेव्ही. एवढं डोळ्यात बसलं की अर्धं म्युझियम पाट्या न वाचता कळतं.

प्रशियाचा टप्पा भराभर वाचला तरी चालेल. १८५३ मध्ये प्रशियाने ओल्डेनबुर्गच्या ड्यूककडून नॉर्थ सी च्या किनाऱ्यावर चिखलाची जमीन विकत घेतली, तिथे बंदर बांधलं आणि १८६९ मध्ये त्याला विल्हेल्म्सहाफेन नाव मिळालं. १८६५ ला बाल्टिकचा तळ डान्झिगवरून कीलला आला. १८७१ ला साम्राज्य झालं. १८९० मध्ये ब्रिटिशांशी करार होऊन हेल्गोलँड जर्मनीला मिळालं. मग आले ॲडमिरल टिर्पिट्झ, १८९८ चा आणि १९०० चा असे दोन नौदल कायदे, आणि दुसऱ्या कायद्यात ३८ बॅटलशिप्सचं टार्गेट. आता आपला प्रश्न विचारा, काम काय होतं? किनारा सांभाळायचा नव्हता, व्यापाराच्या संरक्षणासाठी एवढ्या बॅटलशिप लागत नाहीत. इंग्लंडला धाक वाटावा यासाठी ही नेव्ही बांधली होती. परिणाम उलटा झाला, इंग्लंडने अजून जहाजं बांधली आणि फ्रान्स-रशियाशी जवळीक केली. १९१६ ची जटलंडची लढाई वाचा, जर्मनांनी ब्रिटिशांची जास्त जहाजं बुडवली, जास्त माणसं मारली, आणि तरी दुसऱ्या दिवशी ब्रिटिशांनी केलेली जर्मनीची नाकेबंदी होती तशीच होती.

मात्र १९१८ चा शेवट सावकाश वाचा. युद्ध हरलंय हे सगळ्यांना कळलेलं असताना ऑक्टोबरच्या अखेरीस वरिष्ठांनी इंग्लंडविरुद्ध एक शेवटची मोठी चढाई ठरवली. विल्हेल्म्सहाफेनबाहेर उभ्या जहाजांवरच्या खलाशांनी आणि भट्टीवाल्यांनी नकार दिला. काहींना अटक करून कीलला आणलं, ३ नोव्हेंबरला तिथे मोर्चा निघाला, गोळीबार झाला, माणसं मेली, दुसऱ्या दिवशी शहर खलाशांच्या आणि कामगारांच्या हातात होतं. ९ नोव्हेंबरला कैसर गेला. ज्या नेव्हीवर कैसरचा सगळ्यात जास्त जीव होता तिथूनच त्याचं राज्य उसवायला लागलं. उरलेली जहाजं स्कॉटलंडमध्ये स्कापा फ्लो इथे नेऊन ठेवली होती, २१ जून १९१९ ला जर्मन खलाशांनी ती स्वतःच बुडवली, ७४ पैकी ५२ तळाशी गेली.

पुढे व्हर्सायच्या तहाने १५ हजार माणसांची मर्यादा आणि पाणबुड्यांवर बंदी आली, १९३५ ला हिटलरने ते उघडपणे झुगारलं. दुसऱ्या महायुद्धावर मी इथे जास्त लिहित नाही, मटेरियल भरपूर आहे. फक्त वाचताना जहाजाच्या टनेजमध्ये आणि टॉर्पेडोच्या रेंजमध्ये अडकू नका. यू-बोटींवर साधारण ४० हजार माणसं गेली, त्यातली ३० हजारांच्या आसपास परत आली नाहीत, आणि त्यांनी बुडवलेल्या व्यापारी जहाजांवर हजारो खलाशी मेले, ज्यात आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांतूनही ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर गेलेली माणसं होती. हे आकडे आधी वाचा आणि मग जहाजांकडे वळा.

आता माझ्या मते सगळ्यात रिच भाग, १९४५ ते १९५६. लोकं इथे उडी मारून पुढे जातात आणि तिथेच चुकतं. युद्ध संपलं, जर्मन नेव्ही बरखास्त झाली, पण समुद्रात दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग तसेच पडून होते. ते काढणार कोण? ब्रिटिशांनी जर्मन खलाशांनाच कामाला लावलं. जर्मन माइनस्वीपिंग ॲडमिनिस्ट्रेशन अशी संस्था बनवली, साधारण २७ हजार माणसं आणि ३०० बोटी, ना शस्त्रं ना जुनी चिन्हं, वर ब्रिटिशांची देखरेख. १९४८ च्या सुरुवातीपर्यंत हे काम चाललं, त्यानंतरही छोट्या गटांनी चालूच ठेवलं, काही अमेरिकनांच्या हाताखाली. मग १९५१ ला पश्चिम जर्मनीने सीमा सुरक्षा दलाची समुद्री शाखा काढली. ब्रेमरहाफेनला अमेरिकनांनी माजी ऑफिसरांचा एक गट बसवला होता, कागदावर त्यांचं काम युद्धाचा इतिहास लिहायचं, त्यात पुढे नव्या नेव्हीचे पहिले प्रमुख झालेले फ्रीडरिख रूगे पण होते. म्हणजे १९५५ मध्ये पश्चिम जर्मनी नेटोत गेला आणि नेव्ही काढायची वेळ आली तेव्हा माणसं, बोटी आणि अनुभव हे सगळं या सुरुंग काढणाऱ्यांमध्ये आणि सीमा रक्षकांमध्ये शिल्लक होतं. नव्या नेव्हीची मुळं शोधायची तर बिस्मार्क जहाजावर शोधू नका, या माइनस्वीपरांवर शोधा.

पण म्हणून सगळं स्वच्छ होतं असं अजिबात समजू नका. जानेवारी १९५६ मध्ये विल्हेल्म्सहाफेनला पहिले स्वयंसेवक आले, तेव्हा कॅप्टन त्सेंकर यांनी १६ जानेवारीला भाषण केलं आणि त्यात न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात शिक्षा झालेल्या राएडर आणि डोनिट्झ या दोन ॲडमिरलांची बाजू घेतली. प्रचंड गदारोळ झाला, विषय थेट संसदेत गेला. नवीन लोकशाहीत सैनिकाने परंपरा म्हणून काय सांगायचं हा वाद नव्या नेव्हीच्या पहिल्याच महिन्यात सुरू झाला, आणि तो अनेक वर्षं चालला. त्सेंकर स्वतः पुढे नेव्हीचे प्रमुखही झाले. नंतर तीन डिस्ट्रॉयरना ल्युत्येन्स, म्योल्डर्स आणि रोमेल अशी हिटलरच्या काळातल्या सैनिकांची नावं दिली, त्यावरूनही खूप बोललं गेलं. आज फ्रिगेट या मोठ्या युद्धनौकांना राज्यांची आणि त्याहून लहान कॉर्वेटना शहरांची नावं देतात ते मला शंभर टक्के बरोबर वाटतं.

आता १९५६ नंतरचं काम काय, ते बघायला पुन्हा मॅपवर या. सोव्हिएत बाल्टिक ताफ्याला अटलांटिकमध्ये जायचं तर ते एकच दार. पश्चिम जर्मन नेव्हीचं काम डेन्मार्कच्या सोबतीने ते दार बंद ठेवणं आणि श्लेस्विग-होल्स्टाइन व डॅनिश बेटांवर शत्रूला उतरू न देणं. एवढंच, पण अवघड. त्यासाठी विमानवाहू जहाज लागत नाही. लागतात वेगवान मिसाइल बोटी, सुरुंग टाकणाऱ्या आणि काढणाऱ्या बोटी, किनाऱ्यावरून उडणारी विमानं आणि छोट्या पाणबुड्या. पाणबुड्यांवर सुरुवातीला कराराने ३५० टनांची मर्यादा होती, ती हळूहळू वाढली आणि १९८० ला उरलेली सगळी बंधनं उठली. पण मर्यादा वाढल्यावरही त्यांनी २०६ टाइपच्या १८ पाणबुड्या केल्या त्या ५०० टनांच्या आसपासच, चुंबकीय सुरुंग फुटू नयेत म्हणून वेगळ्या पोलादाच्या, वीस-बावीस माणसांच्या. आठवलं ना, ५५ मीटर सरासरी खोली. मोठी पाणबुडी तिथे लपणार कुठे.

याच काळात पलीकडे दुसरी जर्मन नेव्ही होती, पूर्व जर्मनीची. १९६० ला तिचं नाव फोल्क्समरीने ठेवलं, आणि १९१८ च्या कीलच्या खलाशांचा वारसा ते आपला म्हणून सांगायचे, नाव जाहीर करायची तारीखही ३ नोव्हेंबरच निवडली. हा भाग वगळू नका, नाहीतर रोस्टॉक, पेनेम्युंडे, स्ट्रालझुंड या जागा कळणार नाहीत. आणि हेही वाचा की तिच्याच हाताखाली असलेली किनारा ब्रिगेड स्वतःच्याच नागरिकांना समुद्रातून पळून जाण्यापासून अडवायची. होडीने, रबरी बोटीने, पोहत पळायचा प्रयत्न करताना शंभराहून जास्त लोक बाल्टिकमध्ये मेले. २ ऑक्टोबर १९९० ला, एकीकरणाच्या आदल्या दिवशी, ती नेव्ही संपली. तिची ३९ जहाजं पुढे इंडोनेशियाने घेतली, काही म्युझियममध्ये गेली, बरीच भंगारात.

१९९० नंतर मोठा प्रश्न पडला, दार अडवायचं काम संपलं, मग आता काय? १९९१ ला जर्मन माइनस्वीपर पर्शियन आखातात गेले, परत तेच सुरुंग काढायचं काम. मग एड्रियाटिक समुद्रात युगोस्लावियावरची नाकेबंदी. देशात यावर जोरदार वाद झाला की आपलं सैन्य नेटोच्या हद्दीबाहेर जाऊच शकतं का, आणि १२ जुलै १९९४ ला घटना न्यायालयाने निकाल दिला : जाऊ शकतं, पण संसदेची म्हणजे बुंडेस्टागची मंजुरी हवी. आजच्या जर्मन नेव्हीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. किती माणसं, कुठल्या भागात, किती काळ, किती खर्च, हे सगळं मँडेटमध्ये म्हणजे मोहिमेच्या मंजुरीच्या ठरावात लिहिलेलं असतं आणि त्यावर मतदान होतं. लेबनॉनच्या किनाऱ्यावर २००६ पासून संयुक्त राष्ट्रांचं मिशन, सोमालियाजवळ २००८ ते २०२२ चाचेगिरीविरोधी मिशन, सगळं असंच.

ताजं उदाहरण घ्या. रेड सी मध्ये येमेनचे हुथी बंडखोर व्यापारी जहाजांवर हल्ले करत होते. २३ फेब्रुवारी २०२४ ला बुंडेस्टागने मँडेट दिलं आणि चारच दिवसांत, २७ तारखेला, हेसन या फ्रिगेटने दोन ड्रोन पाडले. त्याच्या आदल्या दिवशी तिने एका अनोळखी ड्रोनवर दोन मिसाइल सोडली होती, ती तांत्रिक बिघाडाने लागली नाहीत, आणि नंतर कळलं की तो ड्रोन अमेरिकेचाच होता. ही बातमी वाचताना दोन्ही बाजू सोबत वाचा, कारण लोकशाही देशाच्या नेव्हीत अशी गोष्ट लपून राहत नाही, संसदेत विचारलं जातं.

जहाज बघितलं की ते कशासाठी बांधलंय हे ओळखायला शिका. बाजूवर मोठं अक्षर आणि नंबर असतो. एफ म्हणजे फ्रिगेट (कॉर्वेटनाही एफच असतो, गोंधळू नका), एम म्हणजे सुरुंगवाली बोट, ए म्हणजे मदतीचं जहाज, गोर्ख फोक या शिडाच्या ट्रेनिंग जहाजाचा नंबर ए ६०. मग क्लास बघा. हेसनसारखी एफ १२४ क्लासची जहाजं विमानं आणि मिसाइल पाडायला बनवलीयत, तिच्या मनोऱ्यावरचं रडार आणि पुढच्या डेकमधली मिसाइलची चौकोनी झाकणं बघा. एफ १२५ म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बेर्ग क्लास, जवळपास १५० मीटर लांब, ७ हजार टनांच्या वर, पण कल्पना वेगळी : दोन वर्षं घरापासून लांब राहायचं, दर चार महिन्यांनी पूर्ण क्रू बदलायचा, चाचे, नाकेबंदी, किनाऱ्यावरच्या छोट्या कारवाया अशी कामं. हवाई हल्ल्यापासून बचाव मर्यादित. म्हणूनच २०२४ च्या शेवटी इंडो-पॅसिफिकवरून परत येताना बाडेन-व्युर्टेम्बेर्ग रेड सी टाळून आफ्रिकेला वळसा घालून घरी आली. त्यावर टीका खूप झाली, पण मला वाटतं टीका जहाजावर नाही, ज्या काळात आणि ज्या अंदाजावर ते डिझाइन केलं त्यावर व्हायला हवी. आणि पाणबुड्या २१२ए टाइपच्या, सहा आहेत, हायड्रोजन फ्युएल सेलवर चालू शकतात त्यामुळे बरेच दिवस हवेसाठी वर यावं लागत नाही, २०१३ मध्ये यू ३२ सलग १८ दिवस पाण्याखाली होती.

कौतुकासोबत हेही बघा की ही नेव्ही आकाराने लहान आहे, साधारण १५-१६ हजार सैनिक, आणि देखभालीकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. २०१७ च्या शेवटी सहाच्या सहा पाणबुड्या एकाच वेळी नादुरुस्त होत्या. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग पहिल्यांदा नेव्हीने स्वीकारलीच नाही, यार्डकडे परत पाठवली आणि शेवटी २०१९ ला घेतली. गोर्ख फोकची दुरुस्ती १ कोटी युरोच्या अंदाजाने सुरू झाली आणि साडेतेरा कोटींपर्यंत गेली. असली माहिती अफवांमधून घेऊ नका, संसदेने नेमलेला सैन्य आयुक्त दरवर्षी रिपोर्ट काढतो, त्यात स्पेअर पार्ट, रिकाम्या जागा, राहायच्या खोल्यांची अवस्था सगळं स्पष्ट लिहिलेलं असतं, जर्मन येत असेल तर तोच वाचा, खूप वाचनीय आहे.

२०२२ नंतर काम पुन्हा घराजवळ आलंय. रशियाने युक्रेनवर हल्ला केला, २६ सप्टेंबर २०२२ ला रशियातून जर्मनीकडे येणारी नॉर्ड स्ट्रीम गॅस पाइपलाइन फोडली गेली, मग समुद्रातल्या केबल तुटायला लागल्या. फिनलंड आणि स्वीडन नेटोत आले त्यामुळे बाल्टिकचा जवळजवळ सगळा किनारा एका बाजूला झाला. लिथुआनियात जर्मनी ब्रिगेड ठेवतोय, तिची रसद समुद्रातून जाऊ शकली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोस्टॉकला बाल्टिकसाठी कमांड सेंटर सुरू झालं, त्यात शेजारी देशांचे ऑफिसर बसतात. रशियाने लगेच आक्षेप घेतला, कारण १९९० च्या करारानुसार पूर्व जर्मनीच्या भागात परकीय सैन्य ठेवायचं नाही. जर्मनीचं म्हणणं, हे आमचंच मुख्यालय आहे, बाकीचे स्टाफवर आहेत. जुना करार, जुना मॅप, नवीन भांडण, हे समजायला वरचं सगळं वाचलेलं लागतं.

इथे एक गैरसमज दूर करतो. जर्मनीच्या किनाऱ्यालगत संशयित जहाज थांबवायचं असेल तर सहसा नेव्ही ते करत नाही. ते पोलिसांचं आणि कस्टम्सचं काम, कारण सैन्याने देशात पोलिसी काम करू नये असं घटनेने ठरवलंय, आणि ते इतिहासातून शिकून ठरवलंय. नेव्ही पाळत ठेवते, माहिती देते, सुरुंग शोधते. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुआनियाजवळ दोन्ही महायुद्धांतले सुरुंग काढायच्या सरावाला जर्मन बोटी अजूनही जातात.

आपल्याशी संबंध? आहे, आणि खरा आहे. १९८१ मध्ये भारताने कीलच्या एचडीडब्ल्यू या जहाजबांधणी यार्डशी पाणबुड्यांचा करार केला. शिशुमार आणि शंकुश कीलला बांधल्या, शाल्की आणि शंकुल मुंबईत माझगाव डॉकमध्ये. १९९२ ला नेव्हीत आलेली शाल्की ही भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. दलालीच्या आरोपांचं वादळ उठलं आणि पुढच्या दोन बोटी झाल्याच नाहीत, चारवरच थांबलं. मुंबईच्या त्या पाणबुड्या साधारण १८०० टनांच्या, आणि त्याच काळात जर्मनी स्वतः ५०० टनांच्या वापरत होता, यावरून काम आणि समुद्र बदलला की पाणबुडी कशी बदलते ते छान कळतं. जानेवारी २०२२ मध्ये बायर्न फ्रिगेट मुंबईला आली होती, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि रसद जहाज फ्रँकफर्ट आम माइन गोव्याला, तिथे जर्मनीचे तेव्हाचे चान्सलर शोल्झ स्वतः जहाजावर गेले होते.

प्रत्यक्ष बघायला जाणार असाल तर क्रम असा ठेवा. पहिले विल्हेल्म्सहाफेन, तिथल्या नौदल म्युझियममध्ये १८४८ पासूनची मांडणी आहे आणि बाहेर म्योल्डर्स डिस्ट्रॉयर आणि यू १० ही छोटी पाणबुडी, दोन्हीच्या आत जाता येतं. यू १० मध्ये नक्की शिरा. मग कील. तिथून फेरीने म्योल्टेनॉर्टला उतरा, यू-बोटींवर मेलेल्यांची नावं तिथे बोटीप्रमाणे ब्राँझच्या पाट्यांवर लिहिलीयत, वाचायला वेळ ठेवा. त्याच फेरीने पुढे लाबो, तिथला उंच मनोरा १९३६ ला पूर्ण झाला आणि १९५४ पासून तो सगळ्या देशांच्या समुद्रात मेलेल्या खलाशांसाठी आहे, समोर वाळूवर यू ९९५ उभी आहे. गुडघे दुखत असतील तर हिच्या आत जाऊ नका, गोल दारातून वाकून जावं लागतं. परत येताना होल्टेनाउला कालव्याचे लॉक (पाण्याची पातळी जुळवून जहाजं आत-बाहेर सोडायचे दरवाजे) बघा, मोठी मालवाहू जहाजं अगदी जवळून दिसतात. पूर्वेला पेनेम्युंडेला फोल्क्समरीनेची हान्स बाइमलर ही मिसाइल बोट आहे. ड्रेस्डेन समुद्रापासून लांब, पण तिथल्या सैन्य म्युझियममध्ये १८५० ची ब्रांडटाउखर पाणबुडी आहे, जी १८५१ मध्ये कीलच्या बंदरात बुडाली, आतली तिन्ही माणसं जिवंत बाहेर आली आणि ती ३६ वर्षांनी वर काढली.

चालू नेव्हीची जहाजं आतून बघायची तर जूनच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात कीलर वोखे या कीलच्या वार्षिक उत्सवाला जा, तेव्हा काही जहाजं लोकांसाठी उघडी असतात. पासपोर्ट किंवा ओळखपत्र सोबत ठेवा, मोठी बॅग नेऊ नका. डेकवरची तरुण मुलं-मुली आनंदाने बोलतात, फक्त मिसाइल किती लांब जातं असलं विचारण्यापेक्षा मागच्या मिशनवर किती महिने होतात, घरी फोन कसा करता, कुठलं काम जड जातं ते विचारा, उत्तरं खूप मोकळी मिळतात.

आणि बातम्या फॉलो करायच्या असतील तर कुठलंही जर्मन जहाज कुठे गेल्याचं वाचलं की आधी बुंडेस्टागच्या साइटवर त्या मिशनचं मँडेट शोधा, तारीख आणि सैनिकांची कमाल संख्या बघा, मग जहाजाचा क्लास बघा, मग मॅपवर मार्ग काढा. मँडेट सापडलं नाही तर बहुतेक ते सराव किंवा सदिच्छा भेट असते, २०२२ ची मुंबई भेट अशीच होती.